बिब्याचे डाग

सायलीच्या दंडावर काळे फोड उठले आणि ती म्हणाली, "वनमालाकाकूनं भानामती केली."

सकाळी चहाला घरात निघालेलं हे नाव दुपारपर्यंत युसूफ वडगाव या गावच्या बाजारात जाऊन आलं. येताना एकटं आलं नाही. शेजारच्या कौशल्याबाईला आठवलं, वनमाला दारावरून गेली अन् आपली म्हैस आटली. कुणी म्हणालं, तिच्या बांधावर लिंबू होतं. पाहिलं कुणीच नव्हतं, सांगत मात्र सगळे होते!

संध्याकाळी पारावर ठरलं, विधवा वनमालेला गावाबाहेर काढायचं. पुढं होऊन हे बोलला सुंदरराव, सायलीचा बाप.

त्याची आई गीताबाई. शाळा दुसरीपर्यंत, पण तिच्यापुढं सरपंचही हळू बोलतो. तिनं नातीचा हात उजेडात धरला.

"बोटाला काळं कशाचं गं?"

सायलीनं बोटं मुठीत लपवली.

"बिबा हाय, कातडी भाजतोय. कावून लावून घेतला?"

पोर रडायला लागली. "पाहुणे बघायला येणार व्हते. मला अंबाजोगाईला नर्सिंग शिकायचंय. डाग बघून माघारी जातील वाटलं."

"मला सांगायचं, मीच त्यांना वाटंला लावलं असतं! अन् वनमालेचं नाव कावून?"

"तिला लोक आधीच तसं म्हणतेत. लगेच पटतंय."

गीताबाई तिला घेऊन निघाली. सुंदरराव आडवा आला. "आई, घराची अब्रू जाईल."

"आपली अब्रू जाईल अन् चार दिसांनी माघारी येईल. तिचं घर गेलं तर येईल का रे?"

पारावर सायलीनं सगळं सांगितलं. गीताबाई कौशल्याबाईकडं वळली. "तुझी म्हैस गाभण हाय, म्हणून आटली. का तिला गाभणबी वनमालेनंच केलं?"

लोक हसले. मग त्यांना पाराच्या कडेला गाठोडं बांधून बसलेली वनमाला दिसली, अन् हसू थांबलं.

सुंदररावानं मान खाली घालून ते गाठोडं स्वतःच्या डोक्यावर घेतलं. "वैनी, चुकलो. चला घरी."

वनमालेनं घरी गेल्यावर आधी मागोमाग आलेल्या सायलीसाठी खोबरं उगाळलं. "लाव पोरी. बिब्याची आग लई असती." सायलीला वर बघवलं नाही.

बायांनो, बाबांनो, कुणी असं नाव घेऊन दारात आलं, तर एवढंच विचारा, तू डोळ्यांनी पाहिलंस का? न विचारता मान डोलावली, तर बिब्याचं काळं आपल्याही बोटाला लागलंच म्हणून समजा!