कलौंजीची बरणी

भिगवणच्या पेठेत इस्माईल अत्ताराचं दुकान शोधायला पत्ता लागत नसे, नाक पुरे. सुंठ, ओवा, वावडिंग यांचा वास पार एसटी स्टँडपर्यंत यायचा. गल्ल्याशेजारी कलौंजीची काचेची बरणी असे. कुणाचा गुडघा धरलेला असो की कुणाचा दमा उसळलेला, इस्माईलचा हात त्या बरणीकडेच जायचा.

"मरण सोडून सगळ्याला शिफा हाय ह्यात, उतारा हाय," असं म्हणून तो पुडी बांधायचा.

हे वचन त्यानं वडिलांकडून ऐकलं होतं. वडीलही हाच काळा दाणा द्यायचे, पण दुखणं अवघड दिसलं की गिऱ्हाइकाला आधी दवाखान्यात पिटाळायचे. इस्माईल तेवढंच विसरला. बापाचं दुकान वारशानं मिळतं, अक्कल ज्याची त्यानं कमवायची असते.

पंच्याण्णव सालच्या रमजानमध्ये, इफ्तारीची भजी तळता तळता त्याची बायको सलिमा हळूच म्हणाली, "अहो, हितं काखंजवळ गाठ लागतीया. आजच हाताला लागली."

"दुखती का?"

"न्हाय."

"मग कशाला घाबरतीस? घरात दवा हाय की."

त्यानं कलौंजीचं तेल चोळायला दिलं आणि रोज सकाळी मधातून चिमूटभर दाणे. सलिमानं एक दिवस चुकवला नाही. लिंबाच्या लोणच्यात ती मूठभर कलौंजी घालायची, त्यात आता आणखी घालू लागली. गाठ मात्र सुपारीएवढी होती ती लिंबाएवढी झाली. दोनदा तिनं विचारलं, "बारामतीला दाखवायचं का?"

"गावाला दवा देणाऱ्याची बायको डॉक्टरच्या दारात? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही.

दिवाळी सरली तेव्हा तिचा हात वर होईना. मग कुठं इस्माईल तिला घेऊन बारामतीला गेला. डॉक्टरांनी तपासलं, चष्मा काढला आणि त्याच्याकडे बघून म्हणाले, "इतके महिने काय करत होतात?"

इस्माईल डोक्यावरची टोपी सारखी करू लागला. सलिमाच बोलली, "ह्यांना काय ठावं न्हवतं, डॉक्टरसाहेब. लाजंपायी मीच सांगितलं न्हाय."

परतीच्या एसटीत ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. भिगवण येईपर्यंत त्यानं खांदा हलवला नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला सलिमा गेली. भेटायला येणाऱ्या बायांनाही तिनं तेच सांगितलं होतं, त्यामुळं पेठेत तिचंच वाक्य फिरत राहिलं. भाबीनं दुखणं लपवलं, न्हायतर इस्माईलभाईंच्या हातनं बरी झाली असती. इस्माईल ऐकून घ्यायचा. त्याला लाज वाटायची, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटायचं, आणि त्या बरं वाटण्याचीच जास्त लाज वाटायची. मातीच्या दिवशी त्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं.

चाळिसाव्या दिवशी तिच्या नावानं तिच्या आवडीचं जेवण केलं. तिच्या हातचं उरलेलं लोणचं नणंदेनं ताटाताटांत वाढलं. काळे दाणे दाताखाली आले आणि इस्माईल भरल्या ताटावरून उठला.

दुसऱ्या दिवशी त्यानं दुकान उघडलं, तर पळसदेवची रंगूबाई आली. मागं पदर ओढून तिची सून, म्हाळसा. रंगूबाई गल्ल्यावर वाकून म्हणाली, "भाई, सुनंला छातीत गाठ आलीया. दवाखान्याचं नाव काढलं की लाजती. तुमचा काळा दाणा द्या."

हाताला सवय होती. बरणीचं झाकण निघालंसुद्धा.

"सलिमानं लपवलं म्हणून गेली बिचारी," रंगूबाई म्हणाली. "आमची शाणी हाय. लगी सांगितलं तिनं."

इस्माईलनं झाकण पुन्हा घट्ट लावलं.

"मावशी, सलिमानं लपवलं न्हवतं." ओवा घ्यायला आलेली दोन माणसं वळून बघू लागली, तरी तो थांबला नाही. "गाठ हाताला लागली त्याच दिवशी तिनं मला सांगितलं. मीच न्हेलं न्हाय. माझ्या नावापायी."

रंगूबाईचा हात तोंडावर गेला. म्हाळसानं पहिल्यांदाच मान वर केली. "मग त्यांनी तसं का सांगितलं?"

"मला वाचवाया," इस्माईल म्हणाला.

दाण्याचा काय दोष होता? दवाखान्यात जाऊ नको असं दाण्यानं कधी म्हटलं नव्हतं, ते त्यानं म्हटलं होतं. तो खाली उतरला आणि फळ्या लावायला लागला. "चला, बारामतीची एसटी लागलीया. मी येतो संगं."

दवाखान्यात त्या दोघी आत गेल्या. इस्माईल बाहेर बाकावर बसला, सलिमाला आणलं तेव्हा नंबर येईपर्यंत दोघं बसले होते त्याच बाकावर. पडद्याआडून डॉक्टरांचा आवाज आला, "कधी लक्षात आलं?"

"आठ दिस झालं," रंगूबाई म्हणाली.

"बरं केलंत, लगेच आणलंत."

इस्माईलनं डोक्यावरची टोपी काढली, तोंडावर दाबून धरली आणि तो भर दवाखान्यात ढसाढसा रडला.