होईल दोन, नाही आठ

साहेब, पूल होणार नाही हे तुम्हाला ठाऊक होतं आणि तुम्ही गप्प बसलात. हे तोंडावर सांगतो. मी एक जुना फळा आहे. माझ्यावरचं सगळ्यांनी वाचलं, उमगलं कुणालाच नाही.

मित्रांनो, डोळखांबकडच्या एका शाळेसाठी सागाच्या फळ्या जोडून मला केलं. पोरं टॉर्चच्या जुन्या सेलमधला काळा मसाला कुटून मला फासायची. ‘अक्षर कसं उठून दिसतं!’ असं गुरुजी म्हणायचे. मधोमध चिरलो तसा शाळेनं मला बाहेर टाकलं. गुणाबाईनं उचलून ओढ्याकाठच्या आपल्या चहाच्या टपरीवर टांगलं. समोर ओढा, पलीकडे एक पाडा; जैतू तिथलाच.

१९९८च्या उन्हाळ्यात बांधकाम खात्यातल्या साहेबांची माणसं आली. दोन्ही काठांच्या खडकांवर लाल रंगानं पुलाच्या मापाचे आकडे घालून गेली. म्हणाली, आषाढाच्या आत पूल.

शहापूरला दुकानात कामाला असलेल्या हरेशनं त्यावर खेळ मांडला. एकानं ‘होईल’ धरायचं, दुसऱ्यानं ‘नाही’. दोघांचे मिळून दहा रुपये गुणाबाईच्या डब्यात. ज्याचं खरं ठरेल, त्याचे दहाच्या दहा. कोण किती लावायला तयार आहे, तो भाव माझ्यावर लिहायचा. आधी पाच-पाच चालला होता.

वैशाखात एका भर दुपारी साहेबांच्या कचेरीची जीप थांबली. उतरलेल्या माणसानं चहा घेतला नाही. ओढ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“नाही. आठ,” एवढंच बोलला.

हरेशनं खडूनं लिहिलं: होईल दोन, नाही आठ. वारा नव्हता, तरी मी खिळ्यावर हललो.

“आठ घालून दोनच कमवायचे? ह्याला कायतरी ठावं हाय,” गुणाबाई पुटपुटली.

पण जैतूनं कमरेचे दोन रुपये काढले.

“पयल्यांदाच लावतोस ना रे? थाट बघ कसा, जसा बाशिंग बांधून उभा हाय!” हरेश हसला.

“आसू दे. खडकावर खूण पडलीय. जंगलात खूण पडलेलं झाड कदी उभं ऱ्हायलंय काय?”

जैतू लाकूडतोडीला जायचा. हातोड्याची खूण पडलेलं झाड तुटतंच, हे त्यानं जन्मभर पाहिलेलं. खडकावरची खूणही त्याला तेवढीच पक्की वाटली.

“आरं, आषाढात तुझ्या बायकोचे, सावळीचे दिस भरतात. तिला आताच अलीकडं, दवाखान्याजवळ आणून ठेव,” गुणाबाई म्हणाली.

“पुलावरनं आणीन गो मावशे.”

सगळे हसले. जीपवाला हसला नाही.

आषाढ आला, पूल आला नाही. सावळीला कळा लागल्या. झोळीत घालून चौघांनी तिला पलीकडच्या काठापर्यंत आणलं. त्यांच्यासमोर लाल आकडे एकेक करून पाण्याखाली गेले. तिचं ओरडणं पाण्यावरून माझ्यापर्यंत येत होतं. दुपारी पाणी उतरलं, तेव्हा नुसतं पाणीच ऐकू येत होतं. जैतू झोळीचा बांबू खांद्यावरून उतरू देईना.

तिच्या तेराव्याच्या आत जीप पुन्हा आली. त्याच माणसानं डब्यातले दहा रुपये उचलले. त्यातले दोन जैतूचे.

गुणाबाईनं मला घासलं, वर नवा काळा मसाला फासला. हवा दमट झाली की तो भाव वर येतो. खडू लागत नाही, हात लागत नाही. म्हणून माझं तोंड आता भिंतीकडे करून ठेवलंय.

मित्रांनो, फळे जपा, असं मी सांगायला हवं. ते राहू द्या. पुसायच्या आधी वाचायला शिका.

आणि साहेब, पूल होणार नाही हे त्या माणसाला वैशाखातच कुणी सांगितलं? जैतूला का नाही सांगितलं? नाव घेऊन उत्तर द्या.