पिंपाची पितळी तोटी

मिठाची पिशवी बांधता बांधता टाकीवाल्याने सहज विचारलं, "वहिनींच्या पिंपाची तोटी गळत होती ना? बदलली का?"

वहिनी म्हणजे मिस्त्रींची सून. हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून मिस्त्री दोन दिवस वाट बघत होते.

"मी असताना गळेल कशी?" ते म्हणाले. "ती प्लॅस्टिकची भिकार तोटी काढली आणि अस्सल पितळेची बसवली. आता पिंप फुटेल, पण तोटीतून थेंब यायचा नाही."

टाकीवाल्याचे हात सुतळीवरच थांबले. मासे, काचेच्या टाक्या आणि त्यांना लागणारं सगळं विकण्यात या माणसाचे केस पांढरे झाले होते. उगाच घाबरवणाऱ्यांतला तो नव्हता.

"कुठल्या पिंपाला? गोड्या की खाऱ्या?"

"खाऱ्या."

"भरलंय ते?"

"काल संध्याकाळपासून. आत पंपही फिरतोय. का हो?"

"मिस्त्री, पितळेत तांबं असतं. खारं पाणी ते तांबं सोडवून घेतं, आणि पंपाने ढवळलेलं पाणी तर जास्तच. माशांचं एक वेळ निभेल. कोळंबीला आणि समुद्रफुलाला ते विष आहे. पाणी टाकीत गेलं का?"

"चारला बदलणार आहे आज."

दोघांनी एकदमच भिंतीकडे बघितलं. पावणेचार झाले होते.

टाकीवाल्याने फळीवरून काळ्या कोळशाची जाळीदार पुडी काढून मिस्त्रींच्या पिशवीत कोंबली. "पाणी गेलं नसेल तर पिंप सरळ ओतून द्या. गेलं असेल तर समुद्रफूल लगेच बाहेर काढायला सांगा, टाकीतून उपसलेल्या जुन्या पाण्यात ठेवायचं. ही पुडी टाकीत, कोळसा तांबं ओढून घेतो. पण आधी फूल बाहेर. लगेच म्हणजे लगेच. वहिनींना फोन करा आधी."

फोन वाजून वाजून बंद पडला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. पाणी बदलताना सून फोन आतल्या खोलीत ठेवते हे मिस्त्रींना पक्कं ठाऊक होतं, तरी बस स्टॉपपर्यंत चालत जाताना त्यांनी पाच वेळा लावला.

आता ही टाकी साधीसुधी असती तर गोष्ट वेगळी होती. मुली माहेरहून भांडी आणतात, कपडे आणतात. या बाईने समुद्र आणला होता. तिचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांनी चार फुटांच्या टाकीत एक समुद्रफूल, म्हणजे दगडाला धरून राहणारा, बोटांसारख्या तंतूंचा फुलासारखा जीव, चौदा वर्षं जगवलं होतं, त्यात राहणारी केशरी-पांढऱ्या पट्ट्यांची माशांची जोडी आणि लाल मिशांची एक कोळंबी. वडील गेले. भावाने दुकान विकलं. दागिन्यांवर हक्क न सांगता ही म्हणाली, मला टाकी द्या. त्या फुलाला रोज हाताने खाऊ घालताना ती जे काय पुटपुटायची, ते सासऱ्यांच्या कानावर पडायचं आणि ते मुकाट्याने पेपरात तोंड घालायचे.

टाकी आली तशी गॅलरीत दोन पिंपंही आली. एक गाळून गाळून शुद्ध केलेल्या पाण्याचं, दुसरं त्यात मीठ कालवून केलेल्या समुद्राच्या पाण्याचं. ही पिंपं निवडताना सुनेने दुकानदारांना रडकुंडीला आणलं होतं. ती रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला. भांड्यात आधी काय होतं हे कळल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, ही तिथली शिस्त. मिस्त्रींनी भंगारवाल्याकडून निम्म्या किमतीत निळं पिंप ठरवून दिलं, तर हिने झाकण उघडून डोकं आत घातलं, वास घेतला आणि म्हणाली, "बाबा, यात साबणाचं काहीतरी होतं. प्लॅस्टिक वास धरून ठेवतं, आणि शुद्ध पाणी तर हपापलेलं असतं, मिळेल ते ओढून घेतं." मग बुडाशी पेला आणि काट्याचं चिन्ह असलेली, म्हणजे अन्न ठेवायला चालणारी, कोरी पांढरी पिंपं तिने दुप्पट पैसे मोजून आणली. भंगारवाल्यासमोर मिस्त्रींची शोभा झाली ती झालीच.

त्यानंतर महिन्याभराने मिस्त्रींनी मदत म्हणून एक पिंप भांड्यांच्या साबणाने लख्ख घासून ठेवलं. सुनेने ते बघितलं, सगळं पाणी ओतून दिलं, नऊ वेळा पिंप विसळलं आणि मग हळूच म्हणाली, "बाबा, एवढ्या दोन पिंपांना तेवढा हात लावू नका. बाकी घर तुमचंच आहे."

आवाज चढवला नव्हता, पण मिस्त्रींना ते फार लागलं. बेचाळीस वर्षं या माणसाने गावभरच्या इमारतींना पाणी पोचवलं, आणि त्याच्या स्वतःच्या गॅलरीत पाण्याला हात लावू नका? त्यात ती प्लॅस्टिकची तोटी थेंब थेंब गळायची. सुनेने खाली वाटी ठेवलेली. नळाचं काम करणाऱ्याच्या घरात गळक्या तोटीखाली वाटी! रात्री झोपेत त्यांना तो थेंब ऐकू यायचा. पिंप शुक्रवारी धुवून रिकामं झालं, सून कामावर गेली, आणि मिस्त्रींचे हात शिवशिवले. त्यांच्या पेटीत एक पितळी तोटी होती, एका मोठ्या इस्पितळाच्या कामातून उरलेली, वजनदार, वर्षानुवर्षं कापडात गुंडाळून ठेवलेली. आपल्या घरासाठीही त्यांनी ती कधी काढली नव्हती. ती त्यांनी सुनेच्या पिंपाला बसवली. तोटीची बाजू कठड्याकडे होती. सून पाणी काढायची ते वरून, पंपाच्या नळीने. पुढच्या वेळी पिंप धुताना तिला दिसेल, ती विचारेल, आणि आपण म्हणू, असू दे गं. एवढाच त्यांचा बेत होता.

बस सिग्नलला अडकली. मिस्त्री मधेच उतरले आणि आठ किलो मिठाची पिशवी काखेत मारून चालत सुटले. गुडघे कुरकुरत होते, छातीत भाता चालला होता. डोक्यात एकच हिशेब: ती चारला सुरू करते. आधी जुनं पाणी दोन टबांत उपसते. त्याला वीस मिनिटं. म्हणजे अजून वेळ आहे. वेळ आहे, वेळ आहे, असं घोकत ते जिना चढले.

दार उघडंच होतं. सून टाकीपाशी स्टुलावर उभी होती. जमिनीवर जुन्या पाण्याचे दोन भरलेले टब, तिच्या हातात बादली. बादली रिकामी होती.

"थांब," मिस्त्री म्हणाले.

"काय झालं बाबा? किती घामाघूम झालात. बसा आधी."

सगळं सांगायला तोंड उघडलं आणि त्यांना तिचा चेहरा दिसला. तोच साबणाच्या वेळचा. म्हणजे अजून तसा झालेला नव्हता, पण होणार होता. पुन्हा तेच. म्हातारा ऐकत नाही. तोंडातून काय निघालं ते त्यांचं त्यांनाच उमगलं नाही.

"ते खारं पाणी टाकू नकोस. पिंपात... पाल पडली होती. सकाळी. मी काढून फेकली, तुला सांगायचं राहिलं."

सून त्यांच्याकडे बघतच राहिली आणि मग खळखळून हसली. "अहो, आणि त्यासाठी धावत आलात? मी घाबरले ना, म्हटलं काय झालं. एकच बादली गेलीय. एका पालीने काही होत नाही एवढ्या पाण्यात. उरलेलं ओतून टाकू, उद्या नवीन करू. तुम्ही पाणी प्या बरं."

ती हात पुसत स्वयंपाकघरात गेली. पेल्यात पाणी ओतल्याचा आवाज आला. मग तिथूनच बोलायला लागली, की झाकण नीट बसत नसेल, जाळी लावून घेऊ, पाल मेलेली होती की जिवंत, तुम्ही हाताने काढलीत की काय.

सुटलो, असं मिस्त्रींना वाटलं. खरंच वाटलं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पिंप ओतलं जाणार होतं. रात्रीतून तोटी बदलता येत होती. कुणाला पत्ता लागला नसता.

पण बादली आत गेली होती. पिशवीत कोळशाची पुडी होती, आणि ती गुपचूप टाकीत सोडली असती तरी टाकीवाल्याने आधी फूल म्हटलं होतं. लगेच म्हणजे लगेच म्हटलं होतं. पाल पडलेल्या पाण्यातून फूल बाहेर काढा, असं कुणाला कसं सांगणार? पालीचं पाणी निरुपद्रवी होतं. आपल्याच थापेमुळे ती तसं समजत होती.

ते काचेपाशी वाकले. फुलाच्या बोटांची टोकं आत वळायला लागली होती. दोन्ही मासे त्याच्यात शिरत होते आणि बाहेर येत होते. पेला घेऊन सून आली, स्टूल उचलून कोपऱ्यात ठेवलं, ओली फरशी पुसायला फडकं घेतलं. सांग, मिस्त्री स्वतःला म्हणाले. आता सांग. आणि फडकं फरशीवरून या टोकाहून त्या टोकाला गेलं तरी त्यांनी सांगितलं नाही.

दगडामागून कोळंबी उसळली, पाठमोरी काचेवर आदळली आणि वाळूत आडवी पडली. पाय थरथरत होते.

"मी खाऱ्या पिंपाला पितळी तोटी बसवलीय," मिस्त्री म्हणाले. "शुक्रवारी. पाल-बिल काही नव्हती. टाकीवाला म्हणाला तांबं उतरतं. फूल लगेच काढायला सांगितलंय, जुन्या पाण्यात. ही पुडी दिलीय."

सुनेच्या हातातलं फडकं खाली पडलं. तिने बाह्या वर सारून दोन्ही हात कोपरापर्यंत टाकीत घातले आणि फूल ज्या दगडाला धरून होतं तो दगडच उचलला. "टब," एवढंच म्हणाली. मिस्त्रींनी टब उचलून टाकीला लावला. दगड आत गेला. मग जाळीने मासे, एक लगेच आला, दुसरा दोनदा निसटला. तिसऱ्यांदा सापडला. दुसऱ्या टबातला हवेचे बुडबुडे सोडणारा दगड तिने इकडे सोडला. कोळशाची पुडी धुतली आणि टाकीत ठेवली. कोळंबी शेवटी उचलली. तिला टबात सोडलं तेव्हा ती पाण्याबरोबर नुसती हेलकावत होती.

मग मिस्त्री गॅलरीत गेले, पाना लावला आणि तोटी काढली. भोकातून धो धो पाणी मोरीत गेलं. चार बादल्या भरतील एवढं निर्मळ दिसणारं पाणी. तोटी आतून बघितली तर काठाला बारीक हिरवट झाक. एका दिवसात. हे आपल्याला बेचाळीस वर्षांत कुणी सांगितलं नाही, असं त्यांच्या मनात आलं, आणि लगेच हेही आलं, की सांगणारी घरातच होती, आपण विचारलं असतं तर.

आत येऊन ते टबाच्या पलीकडे जमिनीवर बसले. फूल मुठीएवढं आक्रसलं होतं, रंग उतरलेला. सून मांडी घालून त्याच्याकडे बघत होती. कोळंबी तिने एका वाटीत काढून बाजूला ठेवली होती. ती गेली होती.

"जगेल का ते?"

"माहीत नाही. उद्यापर्यंत कळेल."

"मी थोडे दिवस मुलीकडे जाऊन राहतो."

"कशाला?"

"तुझ्या वडिलांचं होतं गं ते." मिस्त्री म्हणाले. "मला चांगलं करायचं होतं. माझ्याकडची सगळ्यात चांगली वस्तू लावली मी."

"कळलंय मला ते," सून म्हणाली. तिचा आवाज शांत होता. "तोटीचा राग नाही मला, बाबा. पितळेचं मी तरी तुम्हाला कधी सांगितलं? हात लावू नका एवढंच सांगितलं, का ते नाही सांगितलं. तोटी मी विसरेन."

तिने ओल्या बाह्या खाली केल्या.

"बादली ओतली तेव्हा मी घड्याळ बघितलं होतं. लॅबची सवय. तुम्ही आत आलात तेव्हा एक मिनिट झालं होतं. खरं सांगितलंत तेव्हा सात. सहा मिनिटं तुम्ही इथे उभे होतात आणि मी पालीवरून हसत होते. ते नाही मला विसरता येणार."

मिस्त्रींनी मान हलवली.

मुलगा कामावरून आला, त्याला सगळं कळलं. जेवणं झाली. मिस्त्रींनी शुद्ध पाण्यात मीठ कालवायला घेतलं. पंप त्या पाण्यातलाच म्हणून बाद झाला होता, तेव्हा प्लॅस्टिकच्या पट्टीने हातानेच ढवळत बसले. सुनेने मोजून दिलं तेवढंच मीठ टाकलं. नवी प्लॅस्टिकची तोटी कुठे मिळते, ती किती आवळायची, हे त्यांनी तिला विचारलं आणि तिने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चहा घेऊन बाहेरच्या खोलीच्या दाराशी आले. सून टबापाशी उकिडवी बसली होती, पाठमोरी. एकाएकी तिचे खांदे खाली आले आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिच्या कोपराखालून मिस्त्रींना टबाचा कोपरा दिसला. दोन बोटं उघडली होती, पाण्यात हलत होती, आणि लहान मासा त्यांना अंग घासत होता.

टाकीत काही नवीन झालं की ती हाक मारायची, बाबा, बघा ना. गेली तीन वर्षं एकदाही चुकली नव्हती. मिस्त्री कप हातात धरून दाराशीच थांबले. चहा निवून गेला. ती उठली, त्यांच्या शेजारून आत गेली, आणि तिने हाक मारली नाही.