पाठीला पाठ लावलेला शेजारी

बोला म्हणे! निमूट पडून होतो, तेवढंही लोकांना बघवत नाही. बरं, ऐका. मी काशाचं नाणं बोलतोय. नाणं कसलं, अर्धं नाणं.

रोमच्या टांकसाळीतून निघालो तेव्हा अख्खा होतो. एका बाजूला दारांचा देव यानुस. मान एक, दाढीवाली तोंडं दोन, पाठीला पाठ लावून. दुसऱ्या बाजूला जहाजाची चोच, म्हणजे पुढचं टोक. पोरं मला उडवून ओरडायची, "मुंडकी की जहाज?" सगळी मजा. फक्त मागचं तोंड, माझा शेजारी, मी जन्मात पाहिला नव्हता.

पुतेओली बंदरात तेर्तुला गरम चणे विकायची. जहाजाचा सुतार ओफेला रोज यायचा, "बघ, केवढा पक्षी!" म्हणायचा आणि डाव्या हाताने मूठभर चणे लांबवायचा. तिला कळायचं. ती वर बघायची.

ओफेला धान्याच्या जहाजावर इजिप्तला निघाला. त्या दिवशी त्याने मला आपल्या थैलीतून काढून ओट्यावर ठेवलं, छिन्नी लावली आणि हातोडा हाणला. मला विचारलं? छे!

"अर्धं तुला, अर्धं मला. आलो की जोडू."

"पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबेन," तिची आई म्हणाली. "मग पोरगी पाववाल्याच्या घरी."

शेजारी गेला समुद्रावर. जहाजाची चोच माझ्या वाट्याला, आणि मी चुलीपाशी!

तेर्तुला मला सारखी अंगठ्याने घासायची. माझा काठ पार झिजला. उन्हाळा आला, पाववाला नवे जोडे घालून हिंडू लागला, आणि एका जहाजातून एक वाळका, दाढीवाला माणूस उतरला, मुठीत माझा शेजारी. आईने दोन्ही तुकडे जोडून पाहिले. मधे ही फट!

"जुळत नाही. ठग मेला! ओफेला गुबगुबीत होता."

"सासूबाई, समुद्रावर काय मेजवान्या झडतात?"

"सासू कोणाची रे?"

"राहिलं. तो बघा, केवढा पक्षी!"

आईने वर पाहिलं. तेर्तुलाने नाही पाहिलं. तिने चण्यांच्या टोपलीत शिरलेला डावा हात पकडला. "आई, हाच तो चोर!" हसता हसता रडली पोरगी.

त्या गडबडीत आम्ही ओट्यावर उलटसुलट पडलो, तोंडासमोर तोंड. शेजारी दिसला! बापरे, काय ते नाक! तोही माझ्याकडे बघून तेच म्हणाला.

आता देवांच्या फळीवर समोरासमोर आहोत, दिवसभर भांडतो. पुसायला घ्या, पण पुन्हा जोडू नका.

चण्यांबद्दल ओफेलाने तेर्तुलाची माफी मागितली, सासूचीही. छिन्नीबद्दल माझी मागायची राहिली. रोज इथेच नमस्कार करतो, वर बघत नाही. ओफेला, वर बघ!