मंगळवारी मनोरा

इओलांदा आत्या येणार म्हटल्यावर ओर्नेलाच्या स्वयंपाकघरात दुसरा विषयच उरला नाही. नवऱ्याची ही थोरली बहीण पार लेच्चेहून आठवडाभर बोलोन्यात राहायला येत होती. निमित्त भाच्याच्या पदवीचं. गुरुवारी इवानो डोक्यावर पानांचा मुकुट घालून विद्यापीठातून बाहेर पडणार, आणि ते पाहिल्याशिवाय आत्याला मरण नको होतं. साठी उलटली तरी बाई शेळीसारखी चढायची, त्यामुळे फोनवर तिनं बजावलं होतं, "मला मनोरा दाखवायचाच!"

"रविवारी सान पेत्रोनिओचं चर्च," ओर्नेला पिठाची पोळी लाटता लाटता म्हणाली. "सोमवारी कमानींखालून टेकडीवरच्या देवळात. मनोरा शुक्रवारी."

"शुक्रवारी गर्दी असते, आई," इवानो कॉफी ढवळत म्हणाला. "मंगळवारीच उरकू. मी नेतो तिला वर." आणि कप विसळून तो बाहेर पडला.

ओर्नेलाचं लाटणं थांबलं. मनात पाल चुकचुकली.

या गावातलं शेंबडं पोरही जाणतं, की पदवी हातात पडायच्या आत जो त्या मनोऱ्यावर चढला, त्याला पदवी कधीच मिळत नाही. आणि गुरुवारी पदवी घेणारा मुलगा मंगळवारी वर चढतो म्हणतो! तिनं ते नवऱ्याला बोलून दाखवलं.

"तुझं काहीतरीच," नेरिओ वर्तमानपत्रातून डोकंही न काढता म्हणाला. "पोरगं शिकलंय. असलं काही मानत नसेल."

"मानत नाही? पहिल्या वर्षी चुलत भावंडं वर गेली तेव्हा हा खाली थंडीत काकडत उभा होता, विसरलास?"

"अगं, पोपनं आशीर्वाद दिला तरी तू त्याचे हात स्वच्छ आहेत का ते बघशील!"

नेरिओ पत्ते खेळायला निघून गेला. ओर्नेलाला मात्र आता जिथे तिथे पाणी मुरताना दिसू लागलं. कित्येक महिन्यांत एका मित्राचा फोन नाही. प्राध्यापकांचं नाव विचारलं की हा विषय बदलणार. तिच्या बटणांच्या दुकानाशेजारीच बांधणीवाला होता, अर्ध्या विद्यापीठाचे प्रबंध तिथेच बांधून व्हायचे. इवानो त्या दुकानात कधी फिरकला नव्हता. आपलंच पोर, आणि आपण त्याच्यावर चोरासारखी पाळत ठेवतोय, याची तिला लाज वाटत होती. तरी शंका काही जाईना.

दुपारी तो परत आला तेव्हा पुन्हा पीठ मळता मळता तिनं सरळच विचारलं, "इवानो, मंगळवारी वर चढलास तर गुरुवारी काय होईल?"

"काही नाही होणार." तो हसायला गेला, पण ते त्याला जमलं नाही. "गुरुवारी काही नाहीच आहे, आई."

"म्हणजे?"

"दीड वर्ष झालं. परीक्षा दिल्याच नाहीत मी. मनोऱ्याचं बोलून गेलो, ध्यानातच आलं नाही."

ओर्नेलाच्या डोक्यात तिडीक गेली. "मग रोज सकाळी पिशवी घेऊन जायचास कुठे?"

"स्टेशनवर बसायचो. गाड्या बघत."

तिचा हात उगारला गेला होता. एक ठेवून द्यावी, अशी जबरदस्त इच्छा झाली. बाप गावभर सांगत सुटलाय, आत्यानं नवा कोट शिवलाय, आणि हे दिवटं गाड्या बघतंय!

"मनोऱ्याचं म्हणशील तर आता मला कसली भीती?" तो टेबलावरचं पीठ बोटानं गोळा करत म्हणाला. "मी जाऊन आलोय वर. नोव्हेंबरात."

"कोणाबरोबर?"

"एकटाच."

"कशाला?"

"कठड्याशी उभा होतो. मग रखवालदार आला, म्हणाला, बंद करायची वेळ झाली. उतरलो."

सकाळपासून ओर्नेलानं नाही नाही ते संशय घेतले होते. हा एक तिच्या मनाला शिवलाही नव्हता. ती खुर्चीवर बसली आणि पिठाच्या हातानं तिनं त्याचं मनगट घट्ट धरलं.

"आई," तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "ओरड ना."

"ओरडणार आहे. बाबा ओरडतील, आत्या ओरडेल, आठवडाभर सगळे मिळून ओरडू." तिनं मनगट सोडलं नाही. "आत्ता तू इथून हलायचं नाहीस."