भित्र्यांचा पट्टा

आधी मला नीट धरा. दोन्ही हातांनी धरा, लाजू नका. हं, आता ऐका. मी थोरलीच्या गळ्यातला पट्टा बोलतोय.

थोरली म्हणजे आमच्या पागेतली सगळ्यात वयस्कर, सगळ्यात सोशिक आणि सगळ्यात खादाड घोडी. तिच्या मानेच्या मुळाशी, खोगिराच्या जरा पुढे, मी सैलसा बांधलेला असतो. लगाम घोडीच्या तोंडाशी बोलतो, रिकीब स्वाराच्या पायाशी बोलते, खोगिरावर तर सगळे बसूनच घेतात. माझं काम एकच. घोड्यावर बसल्या बसल्या ज्याचं धाबं दणाणतं, त्याच्या हाताला धरायला काहीतरी द्यायचं.

मुळात मी रिकिबीची वादी होतो. म्हणजे स्वाराचा पाय ज्या लोखंडी कडीत अडकतो, ती कडी माझ्या टोकाला लोंबायची. पुढे एका बाजूनं मी झिजलो. खोगीर शिवणारा मला कचऱ्यात टाकणार, तेवढ्यात पागेचे उस्ताद म्हणाले, "थांबा, त्याचा गळ्यातला पट्टा करा." झालं. खोगीरवाल्यानं मला कापलं, आरीनं नवी भोकं पाडली, पितळेचं बक्कल बसवलं आणि तेल चोळून चोळून असं मऊ केलं की मीच मला ओळखेना. पायातून एकदम गळ्यात! अशी बढती कुणाला मिळते सांगा.

माझी गरज का पडली, तेही सांगतो. माणूस घाबरला की हाताला लागेल ते ओढतो. हातात लगाम असतो, म्हणून तो लगाम ओढतो. लगामाची लोखंडी दांडी घोडीच्या तोंडात असते. तिला दुखतं, ती मान झटकते, माणूस आणखी घाबरतो आणि आणखी ओढतो. म्हणून उस्ताद म्हणतात, ओढायचंच असेल तर याला ओढा, याला काही दुखत नाही. दुखतं हो थोडं, पण ते जाऊ द्या.

हात तरी किती पाहिले मी! झुपकेदार मिशांचे एक गृहस्थ आले होते. "मला नको पट्टाबिट्टा," म्हणाले. थोरलीनं माशी उडवायला नुसती कातडी थरथरवली, तर दोन्ही हातांनी असे बिलगले की मिशाही माझ्यावर टेकल्या. काही जण बायकोचं लक्ष नाही बघून एका बोटानं मला हळूच धरतात. आणि सगळे खाली उतरल्यावर एकच वाक्य बोलतात, "मी काही घाबरलो नव्हतो." बरं, नव्हता घाबरलात. मग माझं बक्कल ओलं कशानं झालं?

पागेत मला भित्र्यांचा पट्टा म्हणतात. या नावाचा मला भारी राग यायचा. मग डॉक्टरीणबाई आल्या आणि सगळं चित्रच पालटलं.

डॉक्टरीणबाई दातांच्या. त्यांचे वडील आमच्या पागेचे नालबंद. आयुष्यभर घोड्यांच्या खुरांना नाल ठोकले त्यांनी, थोरलीच्या आईलासुद्धा. सगळे त्यांना मामा म्हणतात. काम आटोपलं की मामा काळ्या नावाच्या घोड्यावर बसायचे आणि नदीपर्यंत रपेट मारून यायचे. तीच त्यांची चैन. पण त्यांची नजर मधोमध विरत चालली. समोरचा चेहरा दिसेना, कडेकडेचं तेवढं दिसायचं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की तेही हळूहळू जाईल.

मग उस्तादांनी त्यांना अडवलं. "मामा, एकट्यानं नदीवर जायचं नाही. शेजारच्या घोड्यावर कुणीतरी हवं, काळ्याची दोरी धरून. मी येतो ना."

"तू मला दोरी बांधून सगळ्या पागेसमोरून नेणार?" मामा म्हणाले. "त्यापेक्षा मी घरी बसतो." आणि खरंच घरी बसले. जेवेनात, बोलेनात.

घरात दुसरं होतं कोण? ही एक मुलगी. आणि तिला घोडा म्हटलं की कापरं भरायचं. लहानपणी मामांनीच तिला हौसेनं एका घोड्याच्या उघड्या पाठीवर बसवलं होतं. कुठंतरी पत्रा पडला, घोडा उधळला, पोरगी खाली आणि कोपराचं हाड मोडलं. त्यानंतर मामांनी तिच्यापुढं घोड्याचं नाव काढलं नाही आणि तिनं पागेचं फाटक ओलांडलं नाही. तीच आता फाटक उघडून आत आली आणि म्हणाली, "उस्ताद, मला शिकवा. बाबांची नजर आहे तोवर मला त्यांना नदीवर न्यायचंय."

मामा मागोमाग आलेच, काठी टेकत. मैदानाकडेच्या बाकड्यावर बसले आणि पुटपुटले, "राहू दे गं पोरी."

काय सांगू तो पहिला दिवस! दिवसभर दुसऱ्यांना 'घाबरू नका, काही होत नाही' म्हणणारी बाई माझ्यात नखं रुतवून बसली होती. श्वास अडकलेला, ओठ पांढरे. आणि वर एक गंमत. रोग्याच्या तोंडात डोकावून डोकावून या बाईंच्या पाठीला वाकायची सवयच लागलेली. खुर्चीशी उभ्या राहतात तशाच त्या थोरलीवर बसल्या, खांदे पुढे, मान खाली, जणू घोडीची दाढच तपासायचीय.

आता थोरलीचा हिशेब सोपा आहे. स्वार पुढे वाकला, म्हणजे चल. स्वार सरळ होऊन मागे बसला, म्हणजे थांब. बाई वाकल्या, थोरली चालली. बाई घाबरून आणखी वाकल्या, थोरलीनं वेग वाढवला. बिचारीला वाटलं, आज कुणीतरी घाईचं गिऱ्हाईक दिसतंय. शेवटी बाई तिच्या गळ्यात पडून, मला लोंबकळत जमिनीवर आल्या.  तशाच बाकड्यावर जाऊन बसल्या.

"चल, घरी जाऊ," मामा म्हणाले. "नदी काय पळून चाललीय?"

"नदी नाही चालली, बाबा," त्या म्हणाल्या.

 मला इतकं वाईट वाटलं की वाटलं, आपणच बक्कल सोडून त्यांच्या हातात जाऊन पडावं.

तेवढ्यात उस्ताद आले. त्यांचा एक गाल चांगलाच फुगलेला होता. आमचे उस्ताद उधळलेल्या घोड्यापुढं छाती काढून उभे राहतात, पण दाढ काढायची म्हटली की त्यांची पाचावर धारण बसते. कालच ते बाईंच्या दवाखान्यात दाढ घेऊन गेले होते आणि दाढ घेऊनच परत आले होते.

"डॉक्टरबाई," ते म्हणाले, "काल तुमच्या खुर्चीत मी काय केलं?"

"काय करणार? मी म्हटलं, भीती वाटली तर डावा हात वर करा, मी थांबेन. मी आरसा उचलला, तुमचा हात वर. मी कापूस घेतला, तुमचा हात वर. मला शिंक आली, तरी तुमचा हात वर."

"पण दर वेळी थांबलात ना?"

"थांबावंच लागतं. शब्द दिलेला असतो."

"मग आज मी शब्द देतो. घोडीला लांब दोरी लावून मी मधे उभा राहतो. ती माझ्याभोवती गोल फिरेल. भीती वाटली की डावा हात वर करायचा. घोडी तिथल्या तिथे थांबेल."

बाई पुन्हा चढल्या. अहो, चढल्या! मी तर हबकलोच. थोरली निघाली. बाईंनी लगेच हात वर केला. म्हणजे काय, माझ्यावरची दोन बोटं उचलली. उस्ताद म्हणाले, "ते दोन बोटांचं मला दिसत नाही. शाळेत उत्तर येत असल्यासारखा करा." मग हात वर गेला, अगदी उंच. थोरली थांबली. पुन्हा निघाली, पुन्हा हात, पुन्हा थांबली. सुरुवातीला पावलापावलाला हात वर. मग जरा उशिरानं. मग अर्धी फेरी झाली तरी हात नाही. एक पूर्ण फेरी झाली आणि बाईंनी श्वास सोडला, तो माझ्यापर्यंत गरम गरम आला. त्यांचा डावा हात परत माझ्यावर यायचा, पण आता पाहुण्यासारखा, टेकल्या न टेकल्यासारखा.

"आता जरा दोरीकडे बघा," उस्ताद म्हणाले.

दोरी मातीत पडलेली. तिचं दुसरं टोकही मातीत. उस्तादांचा एक हात गालावर आणि दुसरा खिशात.

"कधी सोडलीत?" बाई ओरडल्याच.

"मघाशीच. मी नाही थांबवत तिला. हात वर केला की तुमची पाठ सरळ होते, वजन मागे येतं, घोडी त्याला थांबते. इतका वेळ तिला तुम्हीच थांबवताय."

 मग बाईंनी हात वर न करता नुसती पाठ सरळ केली, श्वास सोडला आणि मांड घट्ट केली. थोरली थांबली. चालायला लावली, पुन्हा पाठ सरळ. पुन्हा थांबली. आणि बाई हसायला लागल्या, लहान मुलीसारख्या, थांबेचनात. "अजून एकदा. उस्ताद, अजून एकदाच." शेवटी उस्तादांना म्हणावं लागलं, "बाई, घोडीला चारा खायचाय हो."

त्यानंतर बाई रोज येऊ लागल्या. पांढरा डगला काढायचा आणि तडक पागेत. चाल जमली, वळणं जमली, मग दुडकी सुरू झाली. दुडकीत घोडी उसळत पळते आणि नवखा माणूस खोगिरावर धपाधप आपटतो. बाई आपटल्या, कण्हल्या, पण उठून बसायची लय त्यांनी पकडली. एकदा वळणावर रिकिबीतून पाय सुटला आणि धाडकन पडल्या. माझा जीव टांगणीला. पण बाई उठल्या, माती झटकली आणि पहिला प्रश्न विचारला, "थोरली घाबरली नाही ना?" मला असा अभिमान वाटला म्हणून सांगू!

बाकड्यावरून मामा मात्र उठून उभे राहिले होते. त्यांनी फक्त धप्प आवाज ऐकला होता.  "बास झालं," ते म्हणाले. "मला नाही जायचं नदीवर. एकदा तुझा हात मोडला माझ्या हौसेपायी. आता नाही."

म्हणजे बघा, लेकीची भीती गेली आणि बापाच्या पोटात जाऊन बसली.

बाई त्यांच्यापुढं जाऊन उकिडव्या बसल्या. "बाबा, मी पट्टा सोडणारच नाही. एका हातात काळ्याची दोरी. दुसऱ्या मुठीत लगाम आणि पट्टा, दोन्ही एकत्र. मग तर झालं?"

मामांनी पक्कं करून घेतलं. "अजिबात सोडायचा नाही?"

"अजिबात नाही."

"मग चल."

आणि आम्ही निघालो! पुढे मी आणि थोरली, शेजारी काळ्या, त्याच्यावर मामा, ताठ बसलेले. फाटक मागे पडलं, वस्तीची गल्ली लागली. तिथं कुणीतरी दोरीवर चादर वाळत घातली होती. वारा आला, चादर फडफडली आणि आमची सोशिक थोरली चक्क बाजूला उडाली. काळ्यानंही कान टवकारले. मी सावध झालो. आता येणार मूठ, आता येणार. सवयच ना मला.

मूठ आलीच नाही. बाईंची पाठ सरळ झाली, श्वास सुटला, मांड बसली. थोरली थांबली, काळ्या थांबला. बाईंनी दोघांना चादर निवांत बघू दिली.

"काय झालं गं?" मामांचा आवाज घाबरा झाला होता.

"काही नाही, बाबा. चादर होती वाळत घातलेली."

"पट्टा धरलायस ना?"

"धरलाय हो."

मी हे ऐकून थक्क! हात माझ्यापासून वीतभर लांब होता.

नदीकाठची वाट लागली. पाण्याचा वास आला तसे मामा बदलले. खांदे सैल झाले, मान वर गेली. म्हणाले, "पोरी, इथून पुढं वाट सपाट आहे. दुडकी घेऊ या?"

बाईंनी काळ्याची दोरी जरा आखूड धरली. मग म्हणाल्या, "घेऊ या."

काय ती दुडकी! आठ खुरांचा ताल, मामांनीच ठोकलेले नाल ठणठणत होते आणि मामा मोठ्यांदा हसत होते. पागेतल्या जुन्या मंडळींनीही त्यांना इतकं हसताना ऐकलं नसेल. बाई उठत होत्या, बसत होत्या आणि सांगत होत्या, "बाबा, डाव्या हाताला बगळे आहेत. पाणी बरंच खाली गेलंय. पलीकडं कुणीतरी म्हैस धुतंय." मामा म्हणत होते, "दिसतंय, दिसतंय." बाईंचे डोळे वाहत होते, पण आवाजात त्यांनी ते येऊ दिलं नाही.

परतल्यावर मामांनी उस्तादांना ऐकवलं, "पोरगी झकास बसते. पट्टा काही सोडत नाही." उस्तादांनी माझ्यावरून बोट फिरवलं. मी कोरडा ठणठणीत. ते गाल चोळत निघून गेले. दुसऱ्या दिवशी दाढ मात्र काढून आले.

आता मामांना फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळतं. पण रपेट चुकत नाही. बापलेक दर आठवड्याला नदीवर जातात, आणि जाताना एकदा, येताना एकदा मामा पट्ट्याचं विचारतातच. बाई न चुकता तेच उत्तर देतात. मला कुणी धरत नाही, याचा इतका आनंद होईल असं कधी वाटलं नव्हतं.

तर मंडळी, तुम्हीही या. पोटात गोळा आला तरी या. मला हवं तेवढं घट्ट धरा, नखं रुतवा, मी कुरकुरणार नाही. फक्त एक विनवणी आहे. मैदानाकडेच्या बाकड्यावर काठी घेतलेले एक म्हातारे गृहस्थ भेटतील. बोलता बोलता ते हळूच विचारतील, "आमची मुलगी पट्टा धरून बसते ना हो?"

तुम्ही हो म्हणा.