सुजलेल्या गालावरची पिशवी

मी शेकायची पिशवी बोलतेय. विटकरी रबराची, अंगावर उभ्या रेघा, तोंडाला काळं बूच. लेकीच्या, मयूरीच्या जन्माच्या वेळी आनंदीबाईंनी मला अकोल्यात विकत घेतलं, त्याला सोळा वर्षं झाली. त्यांचे यजमान उत्तमराव रेल्वेत, त्यांची बदली झाली तशी मीही चादरींच्या ट्रंकेत बसून जयपूरला आले.

या घरात काहीही दुखलं की आधी मी. उत्तमराव मालगाडीचे गार्ड. ड्यूटीवरून आले की कंबर धरलेली. मयूरीचं पोट दुखायचं. आनंदीबाई पाणी तापवायच्या, मला भरायच्या, हवा काढून बूच घट्ट करायच्या. मला माझ्या कामाचा गर्व होता, खोटं कशाला बोलू?

बदलीच्या माणसांची एक खोड मी पाहिली आहे. राहतात इथं, पण दुखणी गावासाठी राखून ठेवतात. चष्मा अकोल्यात, दात अकोल्यात. मार्चमध्ये आनंदीबाईंची खालची दाढ ठणकायला लागली, तेव्हाही तेच.

"भीमजयंतीले जाऊनच राहिलो ना अकोल्याले. तिथल्या डॉक्टरले माह्या तोंडातला दात न् दात माहीत आहे. रिझर्वेशन झालं आहे."

"पण मम्मी, राजा पार्कमध्ये डेंटिस्ट आहे. मतलब, फक्त दहा मिनिटं," मयूरी म्हणाली.

"अनोळखी माणसापुढे तोंड वासू का वं?"

मग लवंग झाली, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या झाल्या. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, त्यात काही वाईटही नव्हतं. पण गाडीला पाच दिवस उरले आणि गाल सुजला. आनंदीबाईंनी मला भरलं आणि गालाशी धरलं. बाहेर एप्रिलचं ऊन भाजून काढत होतं आणि ही बाई दारं लावून मला कवटाळून बसली होती. उत्तमराव गाडीवर होते. त्यांच्याशी फोनवर बोलून झालं की पुन्हा मी.

मला कळत होतं. गाल आधीच माझ्याइतका गरम होता आणि तासातासाला टणक होत चालला होता. कंबरेचं दुखणं माझ्याखाली सैल पडतं. हे पसरत होतं, हनुवटीखाली, गळ्याकडे. मला भीती वाटायला लागली. पण पिशवीचं ऐकतं कोण?

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांना चहा गिळेना. तोंड बोटभरही उघडेना, अंगात ताप. मयूरीनं काही न विचारता रिक्षा बोलावली. रिक्षातसुद्धा आनंदीबाईंनी मला गालावरून काढलं नाही.

राजा पार्कच्या डॉक्टरीणबाईंनी मला खसकन ओढून बाजूला टाकलं.

"ये सिकाई कब से चल रही है?"

"तीन दिन से," मयूरी म्हणाली.

"सूजन पर गरम नहीं रखते, बेटा. और फैलती है. बाहर से ठंडा रखना था, कपड़े में बर्फ लपेटकर, और उसी दिन डॉक्टर के पास आना था. अब सूजन गले में उतर रही है, साँस रुक सकती है. बड़े अस्पताल ले जाओ, अभी. मैं फोन करती हूँ."

मयूरीनं मला मेलेला उंदीर उचलावा तसं चिमटीत उचललं. दोष द्यायचा तर दे, पोरी. मला तुझ्या आईची घरघर ऐकू येत होती, तिच्यापुढे बाकी काही सुचत नव्हतं.

संध्याकाळी ती कपडे न्यायला घरी आली आणि मला मोरीत भिरकावून गेली. आईला ऑपरेशनला नेल्याचं फोनवर कुणाला तरी सांगत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तमराव ड्यूटीवरून आले, गणवेशातच. रेल्वेचं मेडिकल कार्ड घेऊन दवाखान्यात जायचं होतं. ऑपरेशनचं त्यांना कळलं होतं, माझ्या शेकानं वाढल्याचं नाही. मोरीत मी दिसले तशी त्यांनी मला धुतलं, पाणी तापवलं, काठोकाठ भरलं. नका भरू हो, नका! तेवढ्यात फोन वाजला.

"पप्पा, मम्मीनं डोळे उघडले. पण गळ्यात नळी आहे, बोलता येत नाही."

"येऊन राहिलो बेटा. तिची पिशवीही भरून घेतली."

पलीकडे मयूरी रडायला लागली. "नको पप्पा. त्यानंच... मतलब, शेकल्यानंच वाढलं. डॉक्टर बोलली. ती नका आणू."

उत्तमराव मला मांडीवर घेऊन तिथंच खाली बसले.

"मीच म्हटलं होतं तिले फोनवर," ते हळूच म्हणाले. "चांगली शेक, म्हणून."

मग त्यांनी बूच काढलं, सगळं पाणी मोरीत ओतलं, मला खिळ्याला अडकवलं आणि कार्ड घेऊन निघून गेले.

तेव्हापासून मी अशीच लटकते आहे. कंबरेला बोलवा, पोटाला बोलवा, मी येईन. सुजलेल्या गालापाशी मात्र मला नेऊ नका, आणि गावच्या गाडीची वाट तर मुळीच पाहू नका. आनंदीबाईंची नळी अजून निघालेली नाही. मला शिव्या घालायला का होईना, पण त्यांनी बोलावं.